दुहेरी अनंत श्रेढीत बेरजेचा क्रम कधी बदलता येतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात एम.एस्सी.च्या वर्गाला फलनक विश्लेषण, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले फंक्शनल ॲनालिसिस, शिकवताना दरवर्षी जे प्रश्न फळ्याजवळ, जिन्यात आणि तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी विचारले जातात, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. पदवीच्या पातळीवरील अनंत श्रेढींची ओळख वाचकाला आहे असे गृहीत धरले आहे. सोयीसाठी सर्व संख्या वास्तव मानल्या आहेत. संमिश्र संख्यांसाठी योग्य ठिकाणी संयुग्मी घेतला की तीच विधाने चालतात.

ओळवार बेरीज आणि स्तंभवार बेरीज म्हणजे काय?

माझ्या वडिलांचे टॉवेल आणि चादरींचे छोटे दुकान होते. वर्षअखेरीस ते वहीच्या एका मोठ्या पानावर डावीकडे महिने आणि वरच्या बाजूस मालाचे प्रकार लिहून विक्रीचे आकडे भरत. मग आडव्या बेरजा उजव्या कडेला आणि उभ्या बेरजा तळाशी मांडत. उजव्या कडेची एकूण आणि तळाची एकूण खालच्या उजव्या कोपऱ्यातील एकाच चौकटीत येऊन मिळाली, की ताळा जुळला असे म्हणून ते वही मिटत.

दुहेरी श्रेढी म्हणजे असेच पान, फक्त उजवीकडे आणि खाली न संपणारे. म-व्या ओळीतील आणि न-व्या स्तंभातील पदाला अ(म,न) म्हणू. प्रत्येक ओळीची बेरीज करून मग त्या बेरजांची बेरीज घेतली, तर ती ओळवार बेरीज. आधी प्रत्येक स्तंभाची बेरीज करून मग त्या बेरजा मिळवल्या, तर ती स्तंभवार बेरीज. क्रम बदलता येतो का, या प्रश्नाचा अर्थ एवढाच, की कोपऱ्यातील चौकट नसलेल्या या पानाचा ताळा जुळतो का.

सांत बेरजेत ताळा नेहमी जुळतो. मग अनंत पानावर तो चुकतोच कसा?

सिद्धरामेश्वरांनी स्थापन केलेल्या अडुसष्ट लिंगांची मोजदाद कोणत्याही वाटेने केली, तरी अडुसष्टच भरते, कारण मोजणी कुठेतरी संपते. अनंत पानावर ती संपत नाही, आणि गोंधळाचे मूळ तिथेच आहे. खालील सारणी मी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहितो.

१  −१  ०  ०  ०  …
०  १  −१  ०  ०  …
०  ०  १  −१  ०  …
०  ०  ०  १  −१  …

मुख्य कर्णावर सर्वत्र १ आहे आणि त्याच्या लगेच उजवीकडे −१ आहे. प्रत्येक ओळीची बेरीज ० असल्यामुळे ओळवार बेरीज ० येते. पहिल्या स्तंभात मात्र एकटा १ आहे आणि पुढच्या प्रत्येक स्तंभात १ व −१ अशी जोडी आहे. म्हणून स्तंभवार बेरीज १ येते. दोन्ही बेरजा अभिसारी आहेत, कुठेही अनंत आलेले नाही, प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात फार तर दोनच शून्येतर पदे आहेत, आणि तरीही ताळा चुकतो.

हा एक गेला कुठे, असे मुले विचारतात. उत्तर जमाखर्चाच्या भाषेत सांगितले की पटकन पटते. पहिले क स्तंभ पूर्ण बेरजून वेगळे काढले आणि त्यांच्या उजवीकडे जे उरले त्याची ओळवार बेरीज केली, तर उरलेल्या भागात क-व्या ओळीतील −१ एकटा पडलेला आढळतो, कारण त्याचा जोडीदार १ आधीच मोजला गेलेला असतो. त्या ओळीच्या वरच्या ओळींत काही उरलेले नसते आणि खालच्या ओळींत जोड्या शाबूत असतात. म्हणजे क कितीही मोठा घेतला तरी शेष −१ च राहतो. प्रत्येक पानावर शिल्लक पुढे ओढावी आणि शेवटचे पान कधीच येऊ नये, तसा हा प्रकार आहे.

क्रम बदलता येण्याची आवश्यक आणि पुरेशी अशी एखादी अट आहे का?

आहे, आणि पाठ्यपुस्तके ती फारशी मोठ्याने सांगत नाहीत याचे मला नवल वाटते. प्रत्येक स्तंभाची बेरीज अभिसारी आहे आणि ओळवार बेरीजही अस्तित्वात आहे असे समजा. पहिल्या क स्तंभांची बेरीज ही सांत संख्येच्या अभिसारी श्रेढींची बेरीज असल्यामुळे ती ओळवार घेतली काय किंवा स्तंभवार घेतली काय, सारखीच येते. म्हणून ओळवार बेरजेतून पहिल्या क स्तंभांची बेरीज वजा केली, की क-च्या पुढील स्तंभांची ओळवार बेरीज उरते. तिला क-वा शेष म्हणू. स्तंभवार बेरीज अस्तित्वात असणे आणि ती ओळवार बेरजेइतकी असणे, हे दोन्ही मिळून हा शेष शून्याकडे जाण्याशी तंतोतंत समतुल्य आहे.

टोनेली, फुबिनी, वायरश्ट्रासची एम-कसोटी, प्रमुखित अभिसरण ही सगळी प्रमेये हा शेष शून्याकडे जातो याची हमी देण्याच्या निरनिराळ्या रीती आहेत. या पानावरील पुढची जवळजवळ सर्व उत्तरे याच शेषाभोवती फिरतात.

सर्व पदे धन किंवा शून्य असतील तर?

तर कोणतीही अट न तपासता क्रम बदलावा. दोन्ही बेरजा सारख्याच येतात. एक अनंत असेल तर दुसरीही अनंत असते. हे लिओनिदा टोनेली यांच्या १९०९ मधील प्रमेयाचे श्रेढींपुरते रूप आहे. सिद्धता दोन ओळींची आहे: सारणीतून निवडलेल्या कोणत्याही सांत पदांची बेरीज ओळवार बेरजेपेक्षा मोठी असू शकत नाही आणि स्तंभवार बेरजेपेक्षाही मोठी असू शकत नाही, उलट, या दोन्ही बेरजा म्हणजे अशा सर्व सांत बेरजांचा न्यूनतम ऊर्ध्वबंधच आहेत.

घरी यंत्रमाग असलेल्या एका विद्यार्थिनीने हे वर्गात माझ्यापेक्षा चांगले समजावले होते. चादरीत उभा ताणा आणि आडवा बाणा जिथे जिथे एकमेकांना छेदतात ते बिंदू मोजायचे, तर ताण्याच्या एकेका धाग्यावरून मोजा किंवा धोट्याच्या एकेका फेरीवरून मोजा, छेदबिंदू तेवढेच राहणार. चादर न संपणारी असली तरी मोजलेला बिंदू नंतर कोणी खोडून टाकत नाही, आणि सगळा आधार त्या न खोडण्याचाच आहे.

एक उदाहरण पूर्ण करून पाहण्यासारखे आहे. २, ३, ४ अशा प्रत्येक पूर्णांकाची एक ओळ करा आणि त्या ओळीत त्याच्या दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या अशा घातांचे व्यस्त लिहा. २ च्या ओळीत १/४, १/८, १/१६ अशी पदे येतील आणि त्यांची बेरीज १/२ होईल. ३ च्या ओळीची बेरीज १/६, ४ च्या ओळीची १/१२, आणि सर्वसाधारणपणे न च्या ओळीची बेरीज १ भागिले न(न−१) येते. ही बेरीज म्हणजे १/(न−१) उणे १/न, म्हणून लागोपाठच्या ओळींतील मधली पदे एकमेकांना खोडत जातात आणि ओळवार बेरीज बरोबर १ भरते. आता स्तंभ पाहा. पहिल्या स्तंभाची बेरीज म्हणजे रीमानच्या झीटा फलनाची २ येथील किंमत उणे १, म्हणजे सुमारे ०.६४४९, त्यापुढचे स्तंभ ०.२०२१, ०.०८२३, ०.०३६९, ०.०१७३ असे घटत जातात. या पाच स्तंभांचीच बेरीज ०.९८३५ होते. झीटाची ३ येथील किंमत कोणत्याही सोप्या सूत्रात बसवता आलेली नाही. तरीही असे सर्व स्तंभ मिळून नेमका १ होतो, हे क्रम बदलल्यामुळे फुकटात कळते.

ऋण पदे असतील तर फुबिनीचे प्रमेय कसे वापरावे?

दोन पायऱ्यांत वापरावे, आणि पहिली पायरी गाळू नये. प्रथम प्रत्येक पदाच्या जागी त्याचे केवलमूल्य ठेवून, ओळवार किंवा स्तंभवार यांपैकी जी सोपी वाटेल ती एकच बेरीज करावी. टोनेलीमुळे कोणतीही एक पुरते. ती सांत आली, तर मूळ सारणीत क्रम बदलता येतो. ग्विदो फुबिनी यांचे १९०७ मधील प्रमेय श्रेढींच्या बाबतीत हेच सांगते. येथे शेष शून्याकडे का जातो तेही उघड आहे: केवलमूल्यांचा शेष ही अभिसारी धन श्रेढीची शेपूट असते आणि मूळ शेष तिच्यापेक्षा मोठा होऊ शकत नाही.

उत्तरपत्रिकांत ‘फुबिनीनुसार’ एवढा एकच शब्द लिहून पुढे गेलेले फार आढळतात. तो शब्द वरच्या १ आणि −१ च्या सारणीलाही लावता आला असता. केवलमूल्यांची बेरीज सांत असल्याचे दाखवलेले नसेल, तर फुबिनींचे नाव घेऊन काहीच सिद्ध होत नाही.

केवलमूल्यांची बेरीज अनंत आली तर क्रम बदलता येतच नाही, असे समजावे का?

नाही. ही अट पुरेशी आहे, आवश्यक नाही. पहिल्या ओळीत १, −१/२, १/३, −१/४ अशी पदे लिहून बाकी सर्व ओळी शून्य ठेवल्या, तर ओळवार आणि स्तंभवार बेरजा दोन्ही २ च्या नैसर्गिक लॉगरिदमइतक्याच येतात, मात्र केवलमूल्यांची बेरीज अपसारी असते. म्हणजे केवल अभिसरण नसताना क्रम बदलला, तर काय होईल याबद्दल फुबिनी मौन पाळतो, एवढेच म्हणता येते.

त्या मौनात काय दडलेले असू शकते याचे माझे आवडते उदाहरण असे: म आणि न वेगवेगळे असताना पद १ भागिले (म-वर्ग उणे न-वर्ग) घ्या आणि कर्णावर शून्य ठेवा. म-व्या ओळीची बेरीज −३ भागिले ४म-वर्ग येते, म्हणून ओळवार बेरीज उणे पाय-वर्ग (π²) भागिले ८, म्हणजे सुमारे −१.२३३७. सारणीत म आणि न यांची अदलाबदल केली की प्रत्येक पदाचे चिन्ह उलटते, म्हणून स्तंभवार बेरीज +१.२३३७ असणार हे वेगळे मोजावेही लागत नाही. सारणीतील पदे तीच, आणि उत्तरे शून्याच्या दोन बाजूंना.

संगणकावर मोठ्या चौरसाची बेरीज करून तपासले तर चालेल का?

चालणार नाही. १ आणि −१ च्या सारणीत क ओळी आणि क स्तंभ यांचा चौरस घेतला, तर कर्णावर क वेळा १ आणि शेजारी क−१ वेळा −१ येतो, म्हणून उत्तर नेहमी १. ओळींपेक्षा एक स्तंभ जास्त घेतला की उत्तर ०. संगणकाने सांगितलेले उत्तर आपण कापलेल्या तुकड्याच्या आकाराचे असते.

आल्फ्रेड प्रिंग्सहाइम यांची व्याख्या घेतली तर हा घोळ मिटतो का?

अर्धाच मिटतो. त्या व्याख्येत ओळींची आणि स्तंभांची संख्या एकमेकींपासून स्वतंत्रपणे वाढवून आयताकृती बेरजांची सीमा घेतात. वरील उदाहरणात ती सीमा अस्तित्वातच नाही, हे बरेच झाले. परंतु पहिली ओळ सर्व १ आणि दुसरी ओळ सर्व −१ अशी घेतली, तर दोन किंवा अधिक ओळींच्या प्रत्येक आयताची बेरीज ० येते, श्रेढी प्रिंग्सहाइमच्या अर्थाने अभिसारी ठरते, आणि तरीही पहिल्या दोन ओळींपैकी एकही अभिसारी नसते.

पदे संख्या नसून बानाख अवकाशातील सदिश असतील तर काय बदलते?

नॉर्मची, म्हणजे सदिशांच्या लांबीची, दुहेरी बेरीज सांत असेल, तर काहीच बदलत नाही. केवलमूल्याच्या जागी नॉर्म लिहून तीच सिद्धता चालते, कारण बानाख अवकाश पूर्ण असते, म्हणजे त्यातील प्रत्येक कोशी क्रमिकेला त्यातच सीमा असते. परंतु अनंत मितींत ही अट गरजेपेक्षा फार कडक आहे. ज्या क्रमिकांच्या वर्गांची बेरीज सांत असते त्यांचे अवकाश, ज्याला आपण वर्गात एल-टू म्हणतो, ते घ्या. त्यातील न-वा प्रमाण एकक सदिश भागिले न, अशा पदांची श्रेढी पाहा. नॉर्मची बेरीज १ + १/२ + १/३ + … ही अपसारी आहे. मात्र वर्गांची बेरीज सांत असल्यामुळे सदिशांची श्रेढी अभिसारी आहे, आणि पदे कोणत्याही क्रमाने मांडली तरी बेरीज तीच येते. यालाच बिनशर्त अभिसरण म्हणतात.

सांत मितींत बिनशर्त आणि केवल अभिसरण एकच असते. अनंत मितींच्या प्रत्येक बानाख अवकाशात मात्र बिनशर्त अभिसारी असूनही केवल अभिसारी नसलेली श्रेढी सापडतेच, हे आर्ये ड्वोरेट्स्की आणि क्लॉड ॲम्ब्रोस रॉजर्स यांनी १९५० मध्ये सिद्ध केले. त्यामुळे क्रम बदलण्यासाठी येथे योग्य अट म्हणजे संपूर्ण दुहेरी कुटुंब बिनशर्त संकलनीय असणे. ती पाळली गेली, तर ओळवार आणि स्तंभवार दोन्ही बेरजा अस्तित्वात असतात आणि सारख्या येतात.

ऑपरेटर श्रेढीच्या आत नेणे हेही क्रम बदलणेच आहे का?

होय. ऑपरेटर, म्हणजे सदिशाला सदिशावर नेणारे रेषीय फलन, परिबद्ध असेल, म्हणजे संतत असेल, तर बेरजेवर ऑपरेटर लावणे आणि प्रत्येक पदावर लावून बेरीज करणे यांत फरक पडत नाही. परिबद्ध नसेल तर सावध राहावे. ज्या(नक्ष), म्हणजे साइन, भागिले न-वर्ग या पदांची श्रेढी एकसमान अभिसारी आहे. तिचे पदशः विकलन केले तर कोज्या(नक्ष) भागिले न अशी पदे मिळतात आणि क्ष शून्य असताना तीच हरात्मक श्रेढी होऊन अपसारी ठरते. विकलन हा परिबद्ध ऑपरेटर नाही, पण तो संवृत आहे. संवृत ऑपरेटरसाठी नियम असा, की मूळ श्रेढी आणि ऑपरेटर लावलेली श्रेढी या दोन्ही अवकाशाच्या नॉर्ममध्ये अभिसारी आहेत हे स्वतंत्रपणे दाखवले, तर अदलाबदल वैध असते.

फलनक विश्लेषणात लोक केवल अभिसरण न तपासता सर्रास क्रम बदलतात. ते चूक करतात का?

बहुतेक वेळा नाही, आणि हे पान लिहिण्याचे खरे कारण हाच प्रश्न आहे. वास्तव विश्लेषणातून आलेल्या विद्यार्थ्याला क्रम बदलण्याचा परवाना एकच ठाऊक असतो, तो म्हणजे केवल अभिसरण. फलनक विश्लेषणात दुसरा परवाना असतो, तो म्हणजे सातत्य. तो इतका अंगवळणी पडलेला असतो की लेखक त्याचा उल्लेखही करत नाहीत.

टी हा एल-टू वरील परिबद्ध ऑपरेटर आहे आणि अ(म,न) ही त्याची मॅट्रिक्स आहे असे समजा. एल-टू मधील दोन सदिश क्ष आणि य घ्या, आणि अ(म,न) गुणिले क्ष चा न-वा घटक गुणिले य चा म-वा घटक, अशा पदांची दुहेरी श्रेढी पाहा. तिची ओळवार बेरीज म्हणजे टी-क्ष आणि य यांचा आंतरगुणाकार. स्तंभवार बेरीज म्हणजे क्ष आणि सहयोगी ऑपरेटर लावलेला य यांचा आंतरगुणाकार. सहयोगीच्या व्याख्येनुसार हे दोन्ही समान असतात. एवढीच सिद्धता, केवलमूल्य कुठेही आलेले नाही.

शेषाच्या भाषेतही हे पाहावे. क स्तंभांनंतरचा शेष म्हणजे क्ष चे पहिले क घटक पुसून टाकल्यावर जे उरते त्यावर टी लावून य शी घेतलेला आंतरगुणाकार. तो टीचा नॉर्म, पुसलेल्या क्ष चा नॉर्म आणि य चा नॉर्म यांच्या गुणाकारापेक्षा मोठा नसतो, आणि पुसलेल्या क्ष चा नॉर्म शून्याकडे जातो. टीचा नॉर्म सांत असल्यामुळे शेषाला निसटायला जागा उरत नाही.

आता पहिल्या सारणीकडे परत या. ती स्वतः एल-टू वरील परिबद्ध ऑपरेटरचीच मॅट्रिक्स आहे, एकक ऑपरेटर उणे एक सरक ऑपरेटर (घटक एक जागा सरकवणारा), आणि तिचा नॉर्म २ पेक्षा जास्त नाही. आपण जी बेरीज केली ती क्ष आणि य या दोन्हींच्या जागी १, १, १, … ही क्रमिका ठेवून केली होती, आणि ती क्रमिका एल-टू मध्ये नाही. ऑपरेटर निर्दोष होता. आपण त्याला त्याच्या अवकाशाबाहेरचा सदिश दिला होता. हे वर्गात सांगितल्यावर मागच्या बाकावरही माना वर होतात.

परिबद्ध ऑपरेटर असूनही केवल अभिसरण खरोखर बिघडते, असे ठोस उदाहरण आहे का?

हिल्बर्ट यांची मॅट्रिक्स घ्या: म आणि न वेगळे असताना १ भागिले (म−न), कर्णावर शून्य. तिचा नॉर्म पायपेक्षा अधिक नाही. हिल्बर्ट यांच्या मूळ युक्तिवादात २ पाय हा अंक येत होता आणि १९११ मध्ये इसाई शूर यांनी तो पायवर आणला. आता क्ष आणि य या दोन्हींचा म-वा घटक १ भागिले (म चे वर्गमूळ गुणिले लॉग म) असा घ्या, म २ पासून पुढे. घटकांच्या वर्गांची बेरीज सांत आहे, म्हणून हा सदिश एल-टू मध्ये आहे. परंतु केवलमूल्ये घेतली, तर म-व्या ओळीत न हा म पेक्षा लहान असलेल्या पदांचीच बेरीज साधारण लॉग म गुणिले म-व्या घटकाच्या वर्गाइतकी तरी होते. म्हणजे एकूण बेरीज १ भागिले (म लॉग म) यांच्या बेरजेसारखी वाढते आणि अपसारी ठरते. फुबिनी येथे निरुपयोगी आहे आणि तरीही आधीच्या उत्तरानुसार क्रम बदलणे पूर्णपणे वैध आहे.

एल-टू बाहेरही हेच दिसते. शून्याकडे जाणाऱ्या क्रमिकांच्या अवकाशावर संतत द्विरेषीय रूप घेतले, तर त्याच्या सहगुणकांच्या केवलमूल्यांची बेरीज सांत असेलच असे नाही. त्यांच्या ४/३ घातांची बेरीज मात्र सांत असते, आणि हा घातांक याहून कमी करता येत नाही, हे लिटलवुड यांनी १९३० मध्ये दाखवले. क्रम मात्र तिथेही निर्धास्तपणे बदलता येतो, कारण रूप प्रत्येक चलात संतत आहे.

हिल्बर्ट–श्मिट नॉर्म बेसिसवर अवलंबून नसतो, याच्या सिद्धतेत क्रम कोणत्या आधारे बदलतात?

निव्वळ टोनेलीच्या आधारे. एका प्रसामान्य लंब बेसिसवरील टीच्या प्रतिमांच्या नॉर्मवर्गांची बेरीज, म्हणजेच हिल्बर्ट–श्मिट नॉर्मचा वर्ग, पार्सेव्हलने दुसऱ्या बेसिसवर उलगडली की धन पदांची दुहेरी श्रेढी मिळते. क्रम बदलला की तीच बेरीज सहयोगी ऑपरेटरच्या दुसऱ्या बेसिसवरील प्रतिमांची होते, जिच्यात पहिल्या बेसिसचा मागमूसही नसतो. ऑपरेटर हिल्बर्ट–श्मिट नसला, तरी दोन्ही बाजू अनंत येऊन समता टिकते.

मग एबी आणि बीए यांचे ट्रेस समान असतात, हेही नेहमी खरे का नसते?

कारण तिथे टोनेलीही लागू होत नाही आणि सातत्याचा परवानाही चालत नाही. ट्रेस, म्हणजे कर्णावरील पदांची बेरीज, हे फलनक परिबद्ध ऑपरेटरांच्या सगळ्या अवकाशावर संतत राहणे तर सोडाच, व्याख्यातही नसते. प्रत्येक प्रमाण सदिशाला पुढच्या सदिशावर नेणारा उजवा सरक ऑपरेटर घ्या. सहयोगी गुणिले सरक हा एकक ऑपरेटर आहे. सरक गुणिले सहयोगी हा पहिला घटक पुसणारा प्रक्षेप आहे. त्यांच्या फरकाचा ट्रेस १ येतो, शून्य नव्हे. या फरकाच्या कर्णाची बेरीज सुटी करून लिहिली, तर कर्णाच्या लगेच खाली सर्वत्र १, लगेच वर सर्वत्र −१ आणि बाकी सगळीकडे ० अशी सारणी समोर येते. तिची स्तंभवार बेरीज १ आणि ओळवार बेरीज −१ आहे. पहिल्या तासाची सारणी वेश बदलून पुन्हा आलेली असते.

दोनपैकी एक ऑपरेटर ट्रेस-वर्गातील आणि दुसरा परिबद्ध असेल, किंवा दोन्ही हिल्बर्ट–श्मिट असतील, तर समता खरी ठरते. दुसऱ्या बाबतीत केवलमूल्यांची दुहेरी बेरीज कोशी–श्वार्ट्झने दोन हिल्बर्ट–श्मिट नॉर्मांच्या गुणाकाराखाली राहते आणि फुबिनी रीतसर लागू होतो.

भौतिकशास्त्राच्या वर्गातील स्थान आणि संवेग यांच्या कम्युटेटरशी याचा संबंध आहे का?

आहे. स्थान आणि संवेग यांचा कम्युटेटर, म्हणजे एबी उणे बीए, एकक ऑपरेटरच्या शून्येतर पटीइतका असावा ही अपेक्षा सांत मॅट्रिक्सने पूर्ण करता येत नाही, कारण डाव्या बाजूचा ट्रेस शून्य येतो. अनंत मितींत हा युक्तिवाद मोडतो, म्हणून परिबद्ध ऑपरेटर चालतील असे वाटते. पण तेही चालत नाहीत. ऑरेल विंटनर यांनी १९४७ मध्ये आणि हेल्मुट वीलांट यांनी १९४९ मध्ये ट्रेसचा आधार न घेता ते सिद्ध केले.

परीक्षेत क्रम बदलताना नेमके काय लिहावे?

क्रम बदलण्याच्या ओळीवरच, पुढच्या परिच्छेदात नव्हे, कारण लिहावे. पदे धन असतील तर ‘सर्व पदे ऋणेतर असल्याने टोनेलीनुसार’ एवढे पुरते. केवल अभिसरण वापरत असाल, तर केवलमूल्यांची एक बेरीज प्रत्यक्ष करून ती कोणत्या संख्येखाली आहे ते लिहावे. सातत्य वापरत असाल, तर कोणता ऑपरेटर किंवा कोणते द्विरेषीय रूप संतत आहे आणि दोन्ही सदिश त्याच अवकाशातील आहेत, हे दोन्ही नोंदवावे. गुण बहुधा या दुसऱ्या भागात जातात. तिन्हींपैकी काहीच जमत नसेल, तर क-वा शेष लिहून काढावा आणि त्याचे काय होते ते पाहावे. तो −१ वर अडून बसलेला दिसला, तर क्रम बदलता येत नाही हेच त्या प्रश्नाचे उत्तर असते, आणि तेवढे सिद्ध करून लिहिले तरी पूर्ण गुण मिळायला हरकत नसावी.